विदर्भात डोंगर आणि तलाव, दोन्ही मिळतील अशी तीन दिवसांची सुट्टी कुठे घालवावी? सोबत आईबाबा आणि लहान मुलं आहेत.

चिखलदरा किंवा नवेगाव बांध, दोन्हींपैकी एकच धरा. एक अमरावतीच्या टोकाला, दुसरं गोंदियात. दोन्ही करायला निघालात तर सुट्टी गाडीतच संपेल.

माझं मत चिखलदऱ्याला. उंची सुमारे ११०० मीटर, परतवाड्याहून घाट चढून जायचं. पावसाळ्यात भीमकुंडाचा धबधबा जोरात असतो, पण शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते आणि धुकं असं दाटतं की पॉईंटवर उभं राहून समोर नुसतं पांढरं दिसतं. म्हणून आईबाबांसोबत ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, तोही मधल्या वारी. गाविलगडावर सकाळीच जा, ऊन चढल्यावर मुलं कुरकुरतात. १८०३ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांकडून घेतलेला हा किल्ला. दरवाजावरची शिल्पं बघायला थांबाच. तलावासाठी तिथे शक्कर तलाव आहे, संध्याकाळ मजेत जाते. आणि हो, रबडी खाल्ल्याशिवाय उतरू नका.

पाणी आणि पक्षी हेच मुख्य हवं असेल तर मात्र नवेगाव बांध, तेही थंडीत, कारण स्थलांतरित पक्षी तेव्हाच येतात. डोंगरांनी वेढलेला जुना, भलामोठा तलाव आहे. तिथे गजबज नाही, त्यामुळे राहायचं आधी ठरवूनच निघा. सफारी करायची असेल तर पावसाळ्यात बंद असते, हे धरून चाला.