पावाची लाइन

गिरगाव, मुंबई

चि. पोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज तीनदा वाचला. आजोबांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आमची फियाट, डोंबिवलीच्या शेडमधून बाहेर निघाली, चालू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात तुझा प्रश्न, "काका, हेड किती घासायचं?" चौदा वर्षं उभी असलेली गाडी. टायर दगड झालेत. आणि बाईसाहेबांना हेड घासायचंय. त्यात शेवटी हळूच लिहिलंस की शनिवारी रात्री रेससाठी नवी मुंबईत पाम बीच रोडवर सगळे जमणार आहेत, तू "नुसतं बघायला" जाणार आहेस. नुसतं बघायला जाणारं माणूस चारही प्लग नवे टाकत नाही गं.

चूक तुझी नाही, माझीच आहे. गॅरेजमध्ये चहा पिता पिता मरीन ड्राइव्हची ती गोष्ट मी तुला चार वेळा तरी सांगितली असेन. तू ती फोनवर रेकॉर्डही केलीस. चाळीस वर्षं सांगतोय मी ती, आणि दर वेळी एकाच जागी थांबवतोय. पुढची गोष्ट समोर बसून सांगायची माझी छाती नाही, म्हणून लिहितोय.

पण आधी हेडचं बघू, नाहीतर म्हणशील म्हातारा विषय टाळतो.

हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, घासलं की कम्प्रेशन वाढतं आणि गाडी ओढायला लागते, हे खरं आहे. आम्हीही करायचो. पण थोडं जास्त गेलं की चढावर इंजिन टकटक करायला लागतं, मग ठिणगीचं टायमिंग मागे घ्यावं लागतं, आणि जे कमावलं ते तिथंच जातं. तुझ्या गाडीत १०८९ सीसीचं इंजिन आहे, कागदावर चाळीसच्या आसपास घोडे. त्यातले किती जिवंत आहेत ते आधी बघू. वॉल्व्ह नीट बसवले तरी निम्मं काम होतं. काठीच्या टोकाला रबराची वाटी असते, ती वॉल्व्हला चिकटवायची, कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची आणि ताक घुसळावं तशी काठी दोन तळव्यांत फिरवायची. सीटवर, म्हणजे वॉल्व्ह जिथं टेकतो त्या कडेवर, सगळीकडून सारखी राखाडी रिंग उमटली की थांबायचं. मग पोर्टमध्ये, म्हणजे वॉल्व्हमागच्या वाटेत, रॉकेल ओतून पाच मिनिटं बघत बसायचं. थेंब झिरपला तर परत काठी. माझे मिस्त्री एका वॉल्व्हला अर्धा अर्धा तास लावायचे आणि तेवढ्या वेळात एक शब्द बोलायचे नाहीत. माझ्या तळव्यांना त्या काठीचे घट्टे होते, अजून आहेत. पुढच्या वेळी दाखवीन.

पोर्ट आम्ही एमरी पेपर काठीला गुंडाळून घासायचो. नवे पार्ट ऑपेरा हाउसला, जुने चोरबाजारात, आणि तिथंही नाही मिळाले तर कुर्ल्याला भंगारात. गंमत बघ, ही गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यात जन्माला यायची आणि कुर्ल्याच्याच भंगारात मरायची. आता तर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनीसुद्धा मुंबईच्या रस्त्यावर नाही. तेव्हा ती गाडी तुझ्या हातात आहे याचा मला हेवाच वाटतो, हे आधी कबूल करतो.

आणि मजा यायची, हेही कबूल करतो. मजा नव्हती असं सांगणाऱ्या म्हाताऱ्यावर तू विश्वास ठेवणार नाहीस, ठेवूही नकोस. पुढे एकच सलग रेक्झिनची सीट, पट्टा नाही, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. उजवं वळण घेतलं की शेजारी बसलेला पोरगा दरवाज्यावर आदळायचा, डावं घेतलं की तुझ्या मांडीवर. मग आम्ही सगळे स्टिअरिंगला धरूनच बसायचो, चालवणारा आणि न चालवणारा. खंडाळ्याच्या घाटात गाडी तापली की इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन बंद. त्यावर इलाज म्हणजे पंपावर ओलं फडकं. एकदा फडकं नव्हतं म्हणून मित्राचा बनियन काढून घेतला होता. पंप थंड झाला, गाडी वर चढली, बनियनचा मात्र पोतेरा झाला. लोणावळ्यात त्याला थंडी वाजली म्हणून आम्ही त्याला चिक्की खाऊ घातली. मारुती आली आणि हे सगळं संपलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं ते डबडं, वजनाला आमच्या फियाटच्या पाऊणपट, आणि सिग्नलवरून असं सुटायचं की आमचे मिस्त्रीसुद्धा तोंडात बोट घालायचे.

आता मरीन ड्राइव्ह. डिसेंबर १९८४. मी वीस वर्षांचा. तुला ठाऊक असलेला भाग पटकन उरकतो. रात्री तीन साडेतीनला चौपाटीच्या कोपऱ्यावर जमायचं. तिथून एअर इंडियाच्या बिल्डिंगपर्यंत, वळसा मारून परत चौपाटी. मलबार हिलची पोरं बापाच्या इंपोर्टेड गाड्या आणायची, आम्ही गॅरेजची पोरं गिऱ्हाइकांच्या. "ट्रायलला नेतो" म्हटलं की कुणी विचारत नसे. त्या रात्री माझ्याकडे आमच्या आळीतल्या डॉक्टरांची १९७१ ची फियाट डिलाइट होती आणि समोर टोयोटा कोरोला. जाताना कोरोलावाल्यानं मला चार गाड्यांच्या अंतरानं मागे टाकलं. पण एअर इंडियाच्या वळणावर तो बाहेर फेकला गेला, मी शेवटच्या क्षणाला ब्रेक मारून आतून शिरलो आणि कोरोला माझ्या आरशात. इथं मी चहाचा घोट घेतो आणि तुम्ही पोरं टाळ्या वाजवता.

आता न सांगितलेलं.

डॉक्टरांची गाडी गॅरेजला कशासाठी आली होती, हे तू मला कधी विचारलं नाहीस. ती ब्रेकसाठीच आली होती. मागच्या दोन चाकांचे ब्रेकचे ड्रम करून झाले होते, पुढच्यांचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे पट्टे, अजून यायचे होते. ब्रेक ऑइल बदलायचं शेवटी, असं ठरलेलं. आणि त्या रात्रीची ती माझी तिसरी फेरी होती. ब्रेक ऑइल जुनं झालं की हवेतलं पाणी ओढतं, आणि ब्रेक खूप तापले की ते उकळतं. पाइपात वाफ झाली की तू पेडल दाबतेस ते वाफेला दाबतेस, चाकाला काही कळत नाही. ज्या ब्रेकवर मी ते वळण जिंकलो, तो ब्रेक मी त्याच वळणावर संपवला होता. मला ते मत्स्यालयाच्या अलीकडे कळलं. काटा नव्वदवर होता.

ठाकूरद्वारच्या बाजूनं एक सायकल रस्ता ओलांडून समुद्राकडच्या लेनमध्ये आली. मागे टोपली, टोपलीवर ताडपत्री. मी पेडल दाबलं आणि ते लोण्यात पाय घातल्यासारखं तळाला गेलं. परत मारलं, परत मारलं, मग हँडब्रेक ओढला. गाडी तिरकी झाली आणि सायकलच्या मागच्या चाकाला लागली. आवाज फार मोठा झाला नाही. कोरोला बाजूनं निघून गेली, थांबली नाही. रस्ताभर लादीपाव पसरले होते आणि त्या थंडीत त्यांतून वाफ निघत होती. ताज्या पावाचा तो वास मला एवढा स्पष्ट आठवतो, बाकी चेहरे पुसट झालेत.

पाववाला माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा असेल, जौनपूरकडचा. पायाचं हाड मोडलं होतं. आम्ही त्याला डॉक्टरांच्याच गाडीत मागे झोपवून, हँडब्रेकवर, पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये दवाखान्यात नेलं. सकाळी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. किल्ली मागून घेतली, मागची सीट बघितली, आणि पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या गॅरेजला दिली.

मी पैसे घेऊन पाववाल्याकडे गेलो. घड्याळ विकून तीनशे रुपये जमवले होते. त्यानं बघितलं, उशीखाली ठेवले आणि म्हणाला, पैसे संपतील, माझी लाइन सांभाळ. लाइन म्हणजे त्याची घरं. तीन महिने तो आला नाही तर ती घरं दुसरा पाववाला धरणार, आणि प्लास्टर निघेल तेव्हा त्याच्याकडे पाय असेल पण धंदा नसेल.

तेव्हा तीन महिने मी पाव टाकले. पहाटे साडेतीनला बेकरी, दुरुस्त केलेली तीच सायकल, पुढे फणसवाडी, मुगभाट, खोताची वाडी, मग परत फिरून मरीन ड्राइव्हच्या बिल्डिंगा. पहिल्या दिवशी भरलेल्या टोपलीनं तोल गेला आणि मी तोंडावर पडलो. खोताच्या वाडीत एका आजींनी विचारलं, रोजचा पाववाला कुठाय? म्हटलं, गाडीनं उडवला. त्यांनी त्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी खाली मान घालून सुट्टे मोजत राहिलो.

आणि शनिवारी पहाटे रेस असायचीच. मी नव्हतो म्हणून कुणी थांबलं नव्हतं. सायकलवर असताना मागून गाडी येते तेव्हा आधी आवाज येतो. फियाट आहे की हेरल्ड, सायलेन्सर काढलाय की नाही, कोणत्या गिअरात आहे, मला सगळं कळायचं, आणि त्याचा काडीचा उपयोग नसायचा. मग हेडलाइट पडतात. आपली सावली रस्त्यावर पुढे लांबच लांब पसरते आणि गाडी बाजूनं गेली की झपकन डावीकडे फिरते. ती फिरेपर्यंत माणूस श्वास घेत नाही. आत बसलेल्याला वाटतं, आपण हॉर्न दिला. ताशी नव्वदला गाडी सेकंदाला पंचवीस मीटर जाते. हॉर्न माझ्या कानात पोचून माझी मान वळेपर्यंत तू माझ्या पलीकडे गेलेली असतेस, नाहीतर माझ्यावर. तीन महिन्यांत एकदाही मला ती गाडी चालवणाऱ्या पोराचा हेवा वाटला नाही. पोरं ओळखीची होती. एकानं हातही केला.

पाय बरा झाल्यावर पाववाल्यानं लाइन परत घेतली. दोन घरं माझ्या हातून गेली होती, ती त्यानं मला बोलून दाखवली.

पुढे दोन वर्षांनी फेब्रुवारीत मी मद्रासला शोलावरमच्या रेसेस बघायला गेलो. दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी, त्यावर शर्यत. तिथं माझ्यासारख्याच फियाट होत्या, आतून सगळं काढून टाकलेल्या, लोखंडी पिंजरा बसवलेल्या. मला वाटलेलं, प्रॅक्टिस झाली की सगळे बॉनेट उघडतील. पहिल्या गाडीच्या मेकॅनिकनं जॅक लावला आणि चाक काढलं. दुसऱ्यानंही तेच. ड्रम हाताला लावून बघत होते, लायनर वासावरून ओळखत होते. मी कुंपणाला धरून दोन तास तेवढंच बघितलं, रेस कोण जिंकलं ते आता आठवतही नाही. वेग आमच्याहून कितीतरी जास्त होता, पण त्या रस्त्यावर पाववाला येणार नव्हता. त्या पट्टीवरच्या रेसेस पुढे बंद झाल्या. आता मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोइमतूरला कारी स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. एफएमएससीआयचं, म्हणजे मोटर रेसिंगच्या राष्ट्रीय संघटनेचं, लायसन्स काढ, आधी कोल्हापूरला जाऊन गो-कार्ट चालव. खर्च आहे, माहीत आहे. पद्मिनीत ओतायला निघाली आहेस त्याहून फार नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ तुला पाठ असेल. रस्त्यावर रेस लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. ते मी सांगत बसत नाही. तुमच्या ग्रुपमधल्या पोरांना पाच हजार म्हणजे एका टायरचे पैसे. आणि कोस्टल रोडच्या बोगद्यात सायलेन्सर काढून आवाज करत फिरणाऱ्यांना तर मी गाडीवाले समजतच नाही. आमच्या वेळी त्यांना भोंगेवाले म्हणायचे.

शनिवारी जायचं की नाही ते तू ठरव, मी तुझा बाप नाही. जाणार असशील तर ट्रेननं जा आणि कडेला उभी राहा. पहाटे चारनंतर दूधवाले, पेपरवाले, सफाईवाले निघतात. गाड्यांकडे पाठ करून त्यांच्याकडे बघत राहा.

गाडी तोवर हलवायची नाही. रविवारी मी दहाच्या सुमारास डोंबिवलीला पोचतो. चारही चाकांचे नट आदल्या रात्रीच ढिले करून ठेव, चौदा वर्षांनी सहज निघणार नाहीत, आणि निघाले नाहीत तर पान्यावर उड्या मारू नकोस, तेल सोडून वाट बघ. ब्रेक ऑइलचा नवा सीलबंद डबा आण, तुझ्या आजोबांच्या कपाटातला उघडलेला चालणार नाही. चारही चाकांतले ब्रेकचे सिलिंडर बदलायचे आहेत. ड्रम लेथवर लावायला माझ्या ओळखीचा माणूस कल्याणला आहे, रविवारी एक वाजेपर्यंत असतो. आईला सांग, जेवायला काही करू नका. ब्रून पाव आणि मस्का मी इकडून आणतो, त्याच बेकरीतला.

तुझा,
काका