तुरटपासून सुरुवात कर

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझ्या वाइन चाखण्याच्या वहीच्या पानांचे फोटो मिळाले, दोनदा वाचले. मेहनत दिसते. पण रिओहाच्या, म्हणजे स्पेनमधल्या त्या भागातल्या रेड वाइनच्या, तिन्ही बाटल्यांखाली ‘ब्लॅकबेरी, सेडार, सिगारचा डबा’ एवढंच आहे. ब्लॅकबेरी तू कधी झुडपावरून तोडून खाल्ली आहेस का? नसशील तर तो शब्द लिहू नकोस. आपल्याकडे करवंद आहे, जांभूळ आहे, आमसूल आहे. नाकाला जे आठवेल तेच वहीत उतरव. परीक्षेचे शब्द नंतर पाठ करता येतात.

टॅनिन, म्हणजे वाइनला तुरट करणारा घटक, कळत नाही म्हणतेस. अगं, तुरट हा आपल्या सहा रसांपैकी एक. कच्चं जांभूळ चावलं की हिरड्या आवळतात, जीभ टाळूला खरखर घासते. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहानेही तेच होतं. वाइनमध्ये हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि पिंपाच्या लाकडातून उतरतो. एक घोट तोंडभर फिरव, थुंकून टाक आणि मनात दहापर्यंत मोज. तुरटपणा हिरड्यांवर बसला की जिभेच्या मागे, खरखरीत आहे की मऊ, किती वेळ टिकला, हे लिही. माझ्या मते स्पेनची रेड वाइन इथूनच उलगडायला लागते.

एकदम सगळा स्पेन घ्यायला जाऊ नकोस. तेम्प्रानियो हे एकच द्राक्ष धर. स्पॅनिशमध्ये तेम्प्रानो म्हणजे लवकर. हे इतरांच्या आधी पिकतं म्हणून हे नाव. प्रांत बदलला की नावही बदलतं. रिबेरा देल दुएरोत ते तिंतो फिनो, तोरोत तिंता दे तोरो, ला मांचात सेन्सिबेल आणि कातालोनियात उल दे येब्रे, म्हणजे सशाचा डोळा. रिओहा, रिबेरा आणि तोरो अशा तीन बाटल्या एकाच संध्याकाळी उघड. आपल्याकडे त्या महाग पडतात, तेव्हा चौघांनी वर्गणी काढा.

रिओहाचा ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धर. जुनी असेल तर कडेला विटकरी छटा दिसेल. मग वास घे. सुक्या खोबऱ्याची वाटी फोडल्यावर येतो तसा वास आला, जोडीला व्हॅनिला असली, तर तो अमेरिकन ओक लाकडाच्या पिंपाचा. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा या किडीने फ्रान्सचे मळे मारले, तेव्हा तिथल्या बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत पिरेनीज डोंगर ओलांडून रिओहात आले. 225 लिटरच्या पिंपात वाइन मुरवायची सवय तिथे पक्की झाली ती त्याच काळात. रिओहाची कापणी मी एकदा पाहिली आहे. दुपारी छाटणीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यांच्या निखाऱ्यावर कोकराच्या चापा भाजल्या होत्या, वर फक्त मीठ. त्या घासावर वाइन घेतली आणि तिचा तुरटपणा मांसाच्या चरबीत विरघळून गेला. म्हणून सांगतो, तिखट रश्श्याबरोबर या वाइन चाखू नकोस. अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं आणि फळ हरवतं.

रिबेराचे मळे पठारावर आहेत, बरेचसे 750 ते 900 मीटर उंचीवर. आपलं नाशिक सहाशेच्या आसपास. तिथे दिवसा ऊन भाजतं आणि रात्री अंग कुडकुडतं. थंड रात्रीमुळे द्राक्षातला आंबटपणा टिकतो, म्हणून वाइन गडद असूनही जड वाटत नाही. याच दुएरो नदीने खाली उतरलं की तोरो येतं. ते जास्त उष्ण आहे, जमीन बरीच रेताड आहे. रेतीत फिलोक्सेराचं फावत नाही, त्यामुळे तिथे कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवरच्या जुन्या वेली अजून उभ्या आहेत. घोट जाड लागेल, घशात ऊब जाणवेल.

लेबलवरच्या शब्दांना भुलू नकोस. रिओहात क्रियान्साला किमान दोन वर्षं, रेसेर्वाला तीन आणि ग्रान रेसेर्वाला पाच वर्षं मुरवावं लागतं, त्यातला काही काळ पिंपात. त्यावरून वय कळतं, गुण तुझ्या जिभेने ठरवायचा. मला स्वतःला चांगली क्रियान्सा जास्त आवडते. तिच्यात फळ अजून जिवंत असतं.

तेम्प्रानियो हाताला लागलं की मग पुढे जा. प्रिओरात नावाच्या भागाकडे जा. काळपट पाटीच्या दगडाचे चढ, त्यात गार्नाचा आणि कारिन्येना या द्राक्षांच्या वेली, पीक अगदी थोडं. हुमिया भागाचं मोनास्त्रेल द्राक्ष दुष्काळी भागातलं. तिथे बऱ्याच मळ्यांत ना मांडव ना तारा, वेल जमिनीलगत झुडपासारखी वाढते. आणि वायव्येला, अटलांटिकच्या बाजूला, मेन्सिया हे द्राक्ष. बिएर्सो आणि रिबेइरा साक्रातली मेन्सिया प्यायलीस की स्पेन म्हणजे नुसतं ऊन हा समज गळून पडेल.

एक चूक मी केली, ती तू करू नकोस. खूप पैसे साठवून एका दुकानातून ग्रान रेसेर्वा घेतली होती. काचेच्या कपाटात, दिव्याखाली, महिनोन्महिने उभी असलेली. घरी आणून भर मे महिन्यात तशीच उघडली. नाकात फक्त अल्कोहोल शिरलं आणि तोंडात शिजवलेल्या मनुकांची चव आली. सगळे घोट बेसिनमध्ये गेले. आजही वाईट वाटतं, कारण कुणाची तरी कित्येक वर्षांची मेहनत त्या बाटलीत होती. तेव्हा दुकानात बाटली कुठे ठेवली आहे ते आधी बघ. आपल्या हवेत रेड वाइन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच ओत. 16 ते 18 अंश बरे.

आणि चौथी बाटली. तेम्प्रानियो नाशिकमध्येही लावलेलं आहे. स्पेनमध्ये कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, आपल्याकडे पावसामुळे जानेवारी ते मार्चमध्ये. मिळाली तर ती बाटलीही घे. चारही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळ, मैत्रिणीला क्रम बदलायला सांग, आणि नाशिकची कुठली वाटली ते कागद उलगडायच्या आधी पेनने लिही. ते पान खाडाखोड न करता मला पाठव.

तुझा,
काका