‘पर्स्निकिटी’ म्हणजे चोखंदळ नव्हे

अमेरिकन क्लायंट कॉलवर ‘पर्स्निकिटी’ म्हणाला, सहकाऱ्याने ‘म्हणजे चोखंदळ, कौतुकच आहे’ असं सांगितलं, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. सहकाऱ्याने तुमची समजूत काढली. अर्थ नाही सांगितला.

चोखंदळ हा आपल्याकडे मानाचा शब्द. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की आमचे काका नागपूरच्या गोकुळपेठेत गाडीवर एकेक संत्रं तळहातावर तोलून बघतात. साल फुगलेली, पण हाताला हलकं लागलं की परत ठेवतात. संत्रेवालाही कुरकुरत नाही, माणूस जाणकार आहे हे त्याला कळतं. हा चोखंदळपणा.

आता दुसरे गृहस्थ. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर हे म्हणणार, तर्री वेगळ्या वाटीत दे, चणे मोजकेच, कांदा याहून बारीक हवा, आणि ही प्लेट ओली आहे, बदल. मागे दहा जण ताटकळलेले. शेवटी ठेलेवाला म्हणाला, “काका, पोहे खाता का पंचनामा करून राहिले?” हे पर्स्निकिटी! मराठीत खुसपटं काढणारा, किरकिरा. चूक सापडली नाही तर ह्यांना चुकल्यासारखं होतं.

मूळ शब्द स्कॉटलंडचा, ‘पर्निकिटी’, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. मधला ‘स’ नंतर अमेरिकेत घुसला. ब्रिटिश माणूस अजूनही ‘स’शिवायच म्हणतो, त्यामुळे दोन्ही बरोबर. उच्चारताना जोर ‘निक’ किंवा ‘स्निक’वर द्या.

तुमच्या सहकाऱ्याच्या डोक्यात बहुधा ‘फास्टिडियस’ असावा. काटेकोर, टापटिपीचा, अशा चांगल्या अर्थाने तो चालतो. गंमत म्हणजे त्याचं मूळ लॅटिन ‘फास्टिडियम’, म्हणजे चक्क किळस. नाक मुरडण्यापासून निघून हा शब्द सभ्य लोकांत जाऊन बसला. जेवणाच्या नखऱ्यांना मात्र ‘फिनिकी’ म्हणा: भेंडी चालत नाही, दोडका बघवत नाही, वरणात फोडणी दिसायला नको, अशी पोरं प्रत्येक घरात असतात.

वापराचं म्हणाल तर पर्स्निकिटी हा बोलण्यातला, थोडा थट्टेचा शब्द. मित्राला म्हणा, स्वतःलाही म्हणा, ‘आय ॲम पर्स्निकिटी अबाउट माय टी’ यात कुणी दुखावत नाही. साहेबाला किंवा ऑफिसच्या मेलमध्ये नको. बायोडेटात तर मुळीच नको.

एक राहिलं. अमेरिकेत हा शब्द कामालाही लावतात. ‘अ पर्स्निकिटी जॉब’ म्हणजे किचकट, बारकाईने करायचं काम, घड्याळ दुरुस्तीसारखं. त्यात टोमणा नसतो. तेव्हा आधी क्लायंटचं वाक्य नीट आठवा. त्याने ‘यू आर’ म्हटलं होतं, की ‘इट इज’?