गुंड्यासाठी, शुक्रवारच्या आधी

प्रिय मुली,

शुक्रवारी तुझ्या कुत्र्याला, गुंड्याला, डॉक्टर घरी येऊन शेवटचं इंजेक्शन देणार, त्याबद्दल काल फोनवर बोलताना तू मध्येच गप्प झालीस आणि मग नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत राहिलं. अशा वेळी कानावर पडलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून लिहून पाठवते. आज एकदा वाच, गुरुवारी पुन्हा वाच.

तू विचारलंस, "वेळ झाली हे कळणार कसं? तो सांगेल ना मला?" तेहतीस वर्षं जनावरांचा दवाखाना चालवला, त्यात हा प्रश्न किती जणांनी विचारला याची गणतीच नाही. नाही गं, तो सांगत नाही. कुत्रा दुखणं लपवतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती थकली ते सांगणारं रक्तातलं माप, आठच्या वर गेलेलं असलं, तरी तू दारात किल्ली फिरवलीस की त्याची शेपटी हलते. त्या शेपटीच्या भरवशावर आपण आणखी एक आठवडा काढतो. मीही काढला होता. माझी चिमी अशीच आजारी होती. मी रोज सलाइन लावायची आणि रोज म्हणायची, सोमवारी बघू. रविवारी रात्री तिला झटके सुरू झाले. औषधांची पेटी दवाखान्यात, आम्ही रिक्षात, आणि एस. व्ही. रोडच्या सिग्नलला ती माझ्या मांडीवर तडफडून गेली. डॉक्टर असून मी तिला एवढंही देऊ शकले नाही. ज्यांनी थोडं आधी ठरवलं, त्यांनाही नंतर रुखरुख लागलेली मी पाहिली आहे. पण त्यांच्या कुत्र्याचा शेवटचा दिवस बरा गेला होता.

ॲलिस विलालोबोस नावाच्या अमेरिकेतल्या पशुवैद्य बाईंनी 2004 मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सातही गोष्टींना 0 ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर अजून सांभाळत राहण्यात अर्थ आहे, असं त्या म्हणतात. मी माझ्या लोकांना यातली शेवटची गोष्ट भिंतीवरच्या कॅलेंडरवर करायला सांगायचे. रात्री झोपताना चांगल्या दिवसाला टिंब, वाईट दिवसाला फुली. तूही ते केलंस, आणि गेल्या दहा दिवसांत सात फुल्या आहेत. त्या तूच काढल्या आहेस. तुझ्या त्या हातावर विश्वास ठेव.

आणि त्याच्या तोंडापुढे चिकन धरून "खा रे राजा" करणं आता थांबव. तो हट्ट करत नाहीये. मूत्रपिंडं थकली की नको ती द्रव्यं रक्तात साठतात, सतत मळमळतं, तोंडात फोड येतात. तू म्हणालीस तो उग्र वास त्याचाच आहे. दुखत असेल म्हणून घरातली गोळी मात्र चुकूनही देऊ नकोस. आयबुप्रोफेनसारखी माणसांची औषधं कुत्र्याला बाधतात, त्याच्या मूत्रपिंडांना तर फारच. रात्र जड गेली तर डॉक्टरांना फोन कर, मग कितीही वाजलेले असोत.

आता शुक्रवारचं सांगते. डॉक्टरांना आजच विचार, "आधी भुलीचं इंजेक्शन देणार ना?" हे विचारायला लाजू नकोस. पहिलं इंजेक्शन त्याला गुंगी आणण्यासाठी असतं. ते लागायला साधारण पाच ते पंधरा मिनिटं जातात. त्या वेळात त्याला उलटी होऊ शकते, म्हणून त्या दिवशी पोटभर भरवू नका. त्याने आपणहून मागितला तर पेढ्याचा तुकडा दे. मग पायाचे थोडे केस काढून शिरेत सुई बसवतील. त्याच्या अंगात पाणी कमी आहे, शीर सापडायला वेळ लागेल, कदाचित मागचा पाय बघावा लागेल. तेवढ्यात घाबरून जाऊ नकोस, तो गुंगीत असेल. दुसरं औषधही भुलीच्याच जातीचं, पण मात्रा मोठी. आधी मेंदू शांत होतो, मग श्वास थांबतो, मग हृदय. बहुतेकदा हे एक-दोन मिनिटांत होतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतील.

त्यानंतर जे दिसतं ते कुणी आधी सांगत नाही आणि लोक वर्षानुवर्षं तेच डोळ्यांसमोर घेऊन बसतात, म्हणून मी सांगते. त्याचे डोळे उघडेच राहतील. एखादा खोल उसासा येईल, ओठ किंवा पाय थरथरेल. त्याला काही जाणवत नसतं, मेंदू आधीच थांबलेला असतो. लघवी-शी होईल, कारण स्नायू सैल पडतात. गादीखाली रबरी शीट आणि वर जुनी चादर घाल. जागा त्याची नेहमीचीच ठेव, बाल्कनीच्या दाराशी, जिथे दुपारी ऊन येतं तिथे. तू डोक्याशी बस, डॉक्टरांना पाय मोकळे हवेत. फी आणि संमतीपत्राची सही आधीच उरकून घे. नंतर तुला पैसे मोजायला सुचणार नाही.

आजी म्हणतात, "आपण कोण जीव घेणारे?" त्यांच्याशी वाद घालू नकोस. गुरुवारी रात्री त्यांना गुंड्याजवळ बसव, त्याचा श्वास ऐकू दे. शुक्रवारी तुळशीचं पान, गंगाजल ठेवायचं म्हणाल्या तर ठेवू दे. पाणी फक्त ओठांना लावा, तोंडात घालू नका. गुंगीत गिळता येत नाही, ठसका लागेल. कुणी याला इच्छामरण म्हटलं की मला खटकतं. त्याची इच्छा कुणाला कळली आहे? हे दयामरण आहे आणि ठरवण्याचा भार आपला आहे. तुझ्या भाच्याला "गुंड्याला झोपवलं" असं अजिबात सांगू नका. सहा वर्षांचं पोर मग स्वतः झोपायला घाबरतं. "तो खूप आजारी होता, बरा होणार नव्हता, डॉक्टरांनी औषध दिलं आणि तो मेला" असं सरळ सांग. त्याला रडू दे. घरातल्या मांजरीलाही जवळ येऊन वास घेऊ दे, नाहीतर ती कदाचित त्याला शोधत खोल्या धुंडाळत फिरेल.

मालाड पश्चिमेला एव्हरशाइन नगरमध्ये महापालिकेची प्राण्यांसाठी गॅसवरची शवदाहिनी 2023 पासून आहे. आधी फोन करून वेळ घे. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला तिथेच घरी लिहून घे, आणि कुत्रा पाळण्याचा महापालिकेचा परवाना व तुझं आधार कार्ड एका पिशवीत घालून दाराला अडकवून ठेव. काही तासांत अंग ताठरतं, म्हणून त्याचे पाय पोटाशी हलकेच दुमडून ठेवायचे. वॉचमनला सकाळीच सांग. दुपारी तीनला लिफ्ट मोकळी असते, म्हणून मी डॉक्टरांना तीच वेळ घ्यायला सांगितली.

उरलेल्या सलाइनच्या बाटल्या डॉक्टरांना परत दे, दुसऱ्या कुणाला लागतील. बाकी सामान आवरायची घाई नको. संध्याकाळी सहाला तुझा हात खुंटीवरच्या पट्ट्याकडे जाईल. जाऊ दे. तो पट्टा घेऊन एकटीच खाली जाऊन एक फेरी मारून आलीस तरी चालेल. माझे कितीतरी लोक तसं करायचे.

अठ्ठावीस किलो एकटीला उचलणार नाही आणि तुझ्या बाबांची कंबर धरलेली आहे. जुनी जाड सोलापुरी चादर काढून ठेव, तिची झोळी करू. मी अडीचला येते. दुसरं टोक मी धरीन.

तुझी,
डॉक्टरमावशी