कादंबरीचा पहिला खर्डा लिहून झाला आहे. तो किती वेळा पुन्हा लिहावा आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की साडेतीनशे पानांचा खर्डा तयार आहे, मित्र म्हणतात लगेच प्रकाशकाकडे पाठव, आणि एक ज्येष्ठ म्हणाले की पहिल्यांदा जे उतरतं तेच अस्सल, नंतरची सगळी कारागिरी. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. हेच वाक्य मी गेली दहा वर्षं माझ्या सख्ख्या मामांच्या तोंडून ऐकते आहे.

आधी विचारलंय त्याचं उत्तर. किती वेळा, याला आकडा नाही. माझी चार वेळा लिहून झाली, पाचवी चालू आहे. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेने १९५८ साली छापून आलेल्या मुलाखतीत सांगितलं होतं की 'अ फेअरवेल टू आर्म्स'चं शेवटचं पान त्याने ३९ वेळा लिहिलं. अडचण काय होती असं विचारल्यावर म्हणाला, शब्द बरोबर बसवायचे होते. माझी अडचण शब्दांची नव्हती. मी जे लिहायला बसले होते तेवढंच सोडून बाकी सगळं लिहून काढलं होतं, आणि हे कळायला मला चार वर्षं लागली.

कादंबरी १९७२ च्या दुष्काळावरची आहे. तेव्हा माझी आई अठरा वर्षांची, लग्न व्हायचं होतं, पारोळा तालुक्यातल्या माहेरी होती. बोरी नदीत वाळूशिवाय काही उरलं नव्हतं. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. लहानपणापासून हे एवढंच ऐकलं होतं, आणि एवढ्यावर मी २०१३ च्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, पुढे आठ महिने पहाटे साडेचार ते सहा बसून चार फुलस्केप वह्या भरल्या. ४१२ पानं झाली. सुरुवातीची दोन पानं नुसती जमिनीच्या भेगांवर होती. भेगा म्हणजे धरणीमातेचे फुटलेले ओठ, असं काहीतरी. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मला ते खरं वाटलं.

वह्या मामांना दिल्या. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, हायस्कूलला मराठी शिकवायचे. आमच्या घरातलं पहिलं शिकलेलं माणूस, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी महिनाभरात वाचून काढलं आणि म्हणाले, "उत्तम झालंय. याला आता हात लावू नकोस. लिखाण पहिल्या धारेचंच असावं." पण वह्या परत आल्या तेव्हा पानोपानी लाल शाई होती. ऱ्हस्व-दीर्घ तर होतेच, शिवाय बायकांच्या तोंडची सगळी अहिराणी, म्हणजे आमची खानदेशातली बोली, खोडून प्रमाण मराठी केलेली. 'उनी'चं 'आली', 'नही'चं 'नाही', 'मना भाऊ'चं 'माझा भाऊ'. पहिल्या धारेचं अस्सल म्हणणाऱ्या माणसाने त्यातलं जे खरंच अस्सल होतं तेच तेवढं पुसलं होतं. तेव्हा मला हे दिसलं नाही. मी ती लाल शाई मुकाट्याने उतरवून घेतली, टाइप केलं आणि त्याला दुसरा खर्डा म्हटलं. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. अकरा महिन्यांनी परत आलं, सोबत दोन ओळी: भाषा चांगली आहे, माणसं दिसत नाहीत. तो खर्डा मी गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवून दिला.

२०१७ च्या दिवाळीनंतर आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून ती अमळनेरला माझ्याकडे राहायला आली. टीव्ही बंद, डोळ्याला हिरवी पट्टी, संध्याकाळ सरता सरत नव्हती. म्हटलं, चला, वाचून दाखवू. आई शाळेत गेलेली नाही. तिच्यासमोर मी ते धरणीमातेचे ओठ मोठ्याने वाचले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आसं कोन बोलस वं?" मी पुढे वाचलं. तिसऱ्या दिवशी तिने मला थांबवलं. "ह्यामा मी कठे शे?"

यात मी कुठे आहे. मी म्हटलं, अगं, ही नायिका म्हणजे तूच. ती काही बोलली नाही. तिने हात पुढे केला आणि दाखवायला लागली. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, नाहीतर दगडाबरोबर बोट जातं. हातोडी हलकी घ्यायची. जड हातोडीने दगडाचा चुरा होतो आणि चुऱ्याचे पैसे मिळत नाहीत. खडीचं माप लाकडी खोक्याने व्हायचं. मुकादमाने खोकं हलवलं की खडी खाली बसते आणि सकाळपासून फोडलेलं अर्धवट दिसायला लागतं, म्हणून तो आला की बायका खोक्याला पदराचाही धक्का लागू द्यायच्या नाहीत. चारशे बारा पानांत मी यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मग तिने सुकडीचं सांगितलं. दुपारी कामावर सुकडी, म्हणजे दुष्काळातला कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. शाळा सुटली की तिचा धाकटा भाऊ चालत तिथे यायचा. ती आपली सुकडी फडक्यात बांधून ठेवायची आणि त्याला द्यायची. "तू खाधं का?" तो रोज विचारायचा. "खाधं," ती रोज सांगायची. हे सांगून आई बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मी खाधं नही, त्याले माहीत व्हतं."

तो भाऊ म्हणजे मामा.

तिसरा खर्डा मी त्या रात्री सुरू केला, कोऱ्या पानावर. जुनी फाइल उघडली नाही. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं, म्हणजे सुरुवात कुठून, याचं माझं उत्तर हेच आहे: कोऱ्या पानावरून. जुनी फाइल उघडून वाक्यं घासत बसलात तर तीच कादंबरी थोडी गुळगुळीत होऊन परत येते. समोर काही नसताना जे आठवतं ते राहू द्यायचं आणि आठवत नाही ते गेलं असं समजायचं. माझ्या भेगांच्या दोन पानांतलं मला एक वाक्यही आठवलं नाही. चारशे बारा पानांची चौथ्या खर्ड्यात दोनशे तीस झाली. कोणी विचारलं की मी आईचंच सांगते, खोकं हलवलं की खडी बसते.

त्याआधी खर्डा काही दिवस नजरेआड करा. बाजरी पेरल्यापासून कापणीला येईपर्यंत, एवढा काळ तरी. मग हातात पेन न घेता सलग वाचा. पेन हातात असलं की आपण वेलांट्या बघत बसतो. त्यानंतर एका कागदावर प्रत्येक प्रकरणाची एकच ओळ लिहा: इथे कुणाचं काय बदललं. माझ्या पहिल्या खर्ड्यात एकतीस प्रकरणं होती आणि एकोणीस प्रकरणांपुढे मला काही लिहिता आलं नाही. शुद्धलेखन अगदी शेवटी बघायचं, जे प्रकरण उडणार आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून काय उपयोग. आणि मित्रांना वाचायला देऊ नका, ते छान म्हणतात. ज्याने ते आयुष्य काढलंय आणि ज्याला तुमच्या भाषेचं कौतुक नाही, अशा एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. तो कुठे चुळबुळ करतो तिथे खूण करा. संवाद घरात जसे होतात तसेच, आपल्या बोलीत ठेवा; माझे अहिराणीत आहेत. विदर्भातल्या वाचकाला कळणार नाही ही भीती मला मामांनी घातली होती. वाचकाला कळतं.

तिसरा खर्डा वाचून मामा चिडले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. सुकडीच्या प्रकरणावर बोट ठेवून म्हणाले, "हे पहिल्यात नव्हतं. म्हणजे हे तू मागाहून घुसडलंस. असं काही झालेलं नाही." आईला विचारा म्हटलं तर म्हणाले, ताईला आता काय आठवतं. त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं कामापुरतंच होतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन भरलं. प्रताप महाविद्यालयाच्या आवारात मामा भेटले, सोबत त्यांचे जुने विद्यार्थी होते. पुस्तकांच्या गाळ्यापुढे सगळ्यांसमोर त्यांनी तोच विषय काढला. "ज्या गावात साने गुरुजींनी मुलं शिकवली त्या गावात तू दहा वर्षं एक पुस्तक खोडत बसलीस. गुरुजींनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. गर्दी होती, आणि मोठ्या माणसापुढे आवाज चढवायची मला सवय नाही. तुमच्या निमित्ताने ते उत्तर आज देते.

पाच दिवसांत लिहिली हे खरं आहे. १९३३ साल, नाशिकचा तुरुंग, ९ फेब्रुवारीला सुरू आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे पूर्ण. पण गुरुजींची आई गेली १९१७ साली. मधली सोळा वर्षं त्या माणसाने आईशिवाय दुसरं काय घोळवलं असेल? कागदावर खाडाखोड दिसत नाही म्हणजे ती झाली नाही असं नसतं. आपल्या बहिणाबाईंचंही तेच. त्यांना लिहिता येत नव्हतं, ओवी जात्यावर यायची. पीठ पडताना एक शब्द गेला आणि दुसरा बसला, त्याचा हिशोब कोण ठेवणार? ज्यांचं मनात, ओठांवर किंवा जात्यावर होऊन जातं त्यांना कागदावर एकच खर्डा पुरतो. माझं मनात झालेलं नव्हतं. माझ्याकडे आईची गोष्टच नव्हती, तिच्या गोष्टीबद्दलचा उमाळा तेवढा होता. पहिल्या खर्ड्यात माणूस सगळ्यात जास्त लपवतो. मुद्दाम नाही लपवत, जिथे दुखतं तिथे हात जात नाही एवढंच. आणि मामा, तुमची लाल शाई पण नेमकी तिथेच फिरली होती जिथे बायका आपल्या भाषेत बोलायला लागल्या होत्या.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. रहस्यकथा लिहीत असाल तर माझी पद्धत चालणार नाही, तिथे धागेदोरे आधी बांधावे लागतात आणि आठवेल ते ठेवलं तर खुनीच विसरायचा. आणि जुना खर्डा टाकून देऊ नका. फाइलच्या नावात तारीख घाला, 'अंतिम' लिहू नका. चौथ्या वेळी लिहिताना मी आखाजीच्या झोक्यांचं एक प्रकरण काढून टाकलं. त्या वर्षी बारवेवरच्या कडुनिंबाला झोका बांधला होता पण माहेरवाशिणी आल्याच नाहीत, आणि रिकामा दोर दिवसभर हलत राहिला, असं होतं ते. ते कुठे टाइप केलेलं नव्हतं, वहीतच होतं, आणि वही मी घर आवरताना रद्दीत दिली. तीन वेळा पुन्हा लिहून पाहिलं. तसं येत नाही. फार घासलं तर चांगलंही जातं, हे मान्य करते, आणि एवढ्यापुरतं मामांचं बरोबर आहे.

गेल्या वर्षी चौथ्या खर्ड्याची छापील प्रत मी मामांना टपालाने पाठवली. फोन केला नाही, त्यांचाही आला नाही. यंदा आखाजीला ते आईला भेटायला आले. आईने खापरावर मांडे केले होते, आमरस होता. जेवण होईपर्यंत पावसावर आणि कपाशीच्या भावावर बोलले. निघताना पिशवीतून बाड काढून ओट्यावर ठेवलं आणि चपला घातल्या. ते गेल्यावर मी एकेक पान उलटून पाहिलं. लाल शाई कुठेच नव्हती. सुकडीच्या प्रकरणात फक्त एका जागी पेन्सिल होती. 'नऊ वर्षांचा भाऊ' यातल्या 'नऊ'भोवती गोल, आणि समासात त्यांच्या वळणदार अक्षरात: 'अकरा'.

पाचव्या खर्ड्यात अकरा केलं आहे.