जुन्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचा सायलेन्सर बेंडजवळ तडकलाय. वेल्डिंग टिकेल की नवीनच टाकावा?

वडिलांची १९९२ची गाडी, इंजिनाकडून येणारा पाइप वळतो त्या बेंडच्या खाली तडा, गॅरेजवाला म्हणतो नवीनच टाका. तर वेल्डिंग टिकेल का आणि सांगली-मिरजेत खर्च किती येईल, असं तुम्ही विचारलंय. टिकतं. नवीन टाकू नका. पण तो तडकला कशानं, हे आधी शोधा. ते न शोधता मारलेलं वेल्डिंग पुन्हा उलतं आणि मग लोक वेल्डिंगलाच नावं ठेवतात. आमचे दाजी त्यातलेच.

आमच्या घरी पण आरएक्स १००च आहे, एमएच १० पासिंग. आमचे आप्पा साखर कारखान्यात स्लिपबॉय होते. ऊसनोंदीला गावोगाव, रानातल्या वाटांनी, पावसापाण्यात ते याच गाडीवर फिरले. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गावभागातल्या घराला माडीच तेवढी उरली होती. गाडी खाली अंगणात होती, ती हँडलपर्यंत गाळात गेली. पूर ओसरल्यावर शहरातल्या प्रत्येक गॅरेजपुढं गाड्यांची रांग लागलेली. आमची पण कशीबशी एका ठिकाणी घेतली. त्यांनी इंजिन उघडलं, धुतलं, बेअरिंगं बदलली, गाडी चालू करून दिली. त्या गर्दीत तेवढं केलं हेच खूप, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

पुढं काही महिन्यांनी आवाज फाटायला लागला. आरएक्सचा आवाज ज्याच्या कानात बसलाय त्याला हे सांगावं लागत नाही. बेंडच्या खालच्या अंगाला तेलकट काळा ओघळ दिसायला लागला, चढाला गाडी मरगळल्यासारखी व्हायची. दाजी आले, वाकून बघितलं आणि निकाल दिला, "पुराच्या पाण्यानं आतनं सडलाय. घाला भंगारात." आप्पा नाही म्हणाले. तर दाजींनी गाडी नेली शटर-ग्रिलच्या एका दुकानात. तिथं सायलेन्सर गाडीवरून काढलासुद्धा नाही. बॅटरीची वायर तशीच, अर्थिंगचा चिमटा चॅसीला लावला आणि इलेक्ट्रिक वेल्डिंगची जाड काडी त्या पातळ पत्र्यावर फिरवली. ग्रिलचं काम करणारा हात तो. एक भोक पडलं की त्यावर आणखी माल चढवायचा, बाजूला दुसरं पडलं की त्यावर पुन्हा. शेवटी बेंडवर आवाळू आल्यासारखं झालं. पावसाळा संपायच्या आत त्या आवाळूच्या कडेनंच नवा तडा गेला. तेव्हापासून दाजींचं एकच पालुपद: टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरला वेल्डिंग टिकतच नाही. दिवाळीला, लग्नात, जत्रेत, चार माणसं जमली की हेच. एकदा तर बाजारातला डुप्लिकेट सायलेन्सर घेऊनच आले. आप्पांनी तो माळ्यावर टाकला आणि गाडीवर कापड घातलं.

मग कुणीतरी मिरज रोडच्या कडेला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या गॅस वेल्डरचं नाव सुचवलं. माणूस खानापूर तालुक्यातला, तरुणपणी गलाईच्या धंद्यात परमुलखात राहून आलेला. विटा-खानापूरकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेलीत हे तुम्हाला माहीतच आहे. त्यातल्या माणसाला धातू किती तापलाय हे नुसत्या रंगावरून कळतं. या तात्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर सायलेन्सर चॅसीच्या पट्टीला धरून ठेवणारा मागचा बोल्ट सैल केला. हातोडी नाही, ग्राइंडर नाही, नुसता पाना. बोल्ट सुटल्याबरोबर सायलेन्सर टणकन बाहेर उडाला आणि पट्टीच्या भोकापासून चांगला बोटभर लांब जाऊन थांबला.

तात्या म्हणाले, "ह्यो फुटला न्हाई. ह्याला वढून फोडलाय."

माझं म्हणणं एवढंच आहे. पुरानंतर गाडी जोडताना भोक जुळत नव्हतं, तर जुळवायच्या ऐवजी ओढून बोल्ट आवळला होता. पाइपचं एक टोक इंजिनला, दुसरं चॅसीला. इंजिन थरथरतं, चॅसी वेगळी हलते, मधला सगळा मार बेंड खातो. वर उष्णता. मीटरभर लोखंडी पाइप ४०० अंशांनी तापला तर जवळजवळ ५ मिलिमीटरनं लांब होतो. त्याला हलायला जागाच ठेवली नाही तर तो कुठंतरी उलणारच, आणि आधीच्या वेल्डिंगच्या कडेला पत्रा कडक झालेला असतो, तिथं पहिल्यांदा. पुराच्या पाण्यानं गंज चढला असेल, पातळपणा आला असेल, ते मी नाकारत नाही. पण तडा पाडला त्या ओढलेल्या बोल्टानं.

तात्यांचं काम मी शेजारी बसून बघितलं. आधी सायलेन्सर पूर्ण उतरवला, शेपटाकडचा स्क्रू काढून आतली आवाज दाबणारी बफलची नळी बाहेर घेतली. आत टू-स्ट्रोक ऑइलची काजळी डांबरासारखी चिकटलेली होती. ती बेंडमधून जाळून, ठोकून काढली. कारण तेल राहिलं की वेल्डिंगला बुडबुडे येतात. मग दाजींच्या दुकानातलं ते आवाळू ग्राइंडरनं साफ केलं आणि तड्याच्या दोन्ही बाजूंचं क्रोम खरवडून उघडा पत्रा आणला. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं एकेक भोक पाडलं. हे भोक पाडलं नाही तर तडा वेल्डिंगच्या पुढून चालत राहतो. फ्लँजजवळचा, म्हणजे पाइप इंजिनला जोडतो त्या तोंडाजवळचा, तुकडा त्यांनी गॅसवर लोखंडी तारेनं भरला, कारण तिथं उष्णता जास्त. खालच्या बाजूला पितळ. पितळी काडीचं टोक तापवून टाकणखारात बुडवलं, पत्रा लाल होईपर्यंत ज्योत फिरवली आणि काडी टेकवली. वातीत तेल चढावं तसं पितळ तड्यात आपोआप ओढलं गेलं. लोखंड वितळायला १५०० अंश लागतात, पितळी काडी ९००च्या आसपासच वाहते. म्हणून पातळ पत्र्याला भोक पडत नाही. पाणी मारून थंड करायचं नाही. तात्यांनी तो तसाच वाळूवर ठेवला आणि तेवढ्या वेळात पट्टी शेगडीत तापवून वाकवून भोक जुळवून दिलं.

तोच सायलेन्सर आजही गाडीवर आहे. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा आप्पांनी घरातल्या कुठल्याही सामानाच्या आधी गाडी विश्रामबागेत नेऊन लावली.

डुप्लिकेट का नको, तेही सांगतो. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबायला नसतो. त्याची फुगीर आणि निमुळती होत जाणारी घडण ठरवून केलेली असते; धुराचा दाब आपटून परत येतो आणि पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या धूर बाहेर पडायच्या तोंडातून, निसटणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. आत काय बसवलंय याचा भरवसा नसलेला सायलेन्सर लावलात तर पिकअप गेलं म्हणून कार्ब्युरेटर छळत बसाल. आणि बफल काढून किंवा शेपूट कापून फिरवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गाडीही पळत नाही, वर पोलीस पावती फाडतात ते वेगळं. कंपनीचा जुना सायलेन्सर पितळ लावलेला असला तरी चालतो, माझ्या मते डुप्लिकेटपेक्षा दहा पटीनं बरा.

बसवताना पॅकिंग नवीन टाका. सगळे नट-बोल्ट आधी हातानं लावून घ्या. मागचं भोक हातानं जुळलं पाहिजे. पान्याची ताकद लागत असेल तर पट्टी वाकवा, वॉशर घाला, काहीही करा, पण ओढू नका. मग फ्लँजचे दोन्ही नट थोडेथोडे करून समान आवळा आणि मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. गाडी एकदा तापून थंड झाली की फ्लँजचे नट पुन्हा बघा.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. सायलेन्सर उतरवल्यावर खालच्या पोटाला स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यानं ठोकून बघा. पत्रा दबला किंवा खपल्या पडल्या तर तो खरंच सडलाय; तिथं तात्या काय आणि आणखी कोण काय, काही करू शकत नाही. मग जुना पण मूळचा सायलेन्सर शोधा. गॅस वेल्डर आता कमी राहिलेत, पण आर्गॉन गॅसवर वेल्डिंग करणारा चालतो, पातळ पत्र्याला उत्तमच. कुपवाड एमआयडीसीत मिळेल, फक्त त्यानं घाई करता कामा नये. पितळ तापताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, त्यानं रात्री ताप भरतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. तडकलेल्या सायलेन्सरची गाडी बंद खोलीत चालू करू नका. एम-सील लावून बघू असं कुणी म्हणालं तर वेळ घालवू नका. बेंडच्या उष्णतेत ते जळून जातं. सायलेन्सर पेस्ट सांध्याला ठीक, तड्याला नाही.

क्रोम गेलेल्या जागी उष्णता सोसणारा चंदेरी रंग मारता येतो. क्रोमच हवं असेल तर अख्खा पाइप प्लेटिंगला द्यावा लागतो.

खर्चाचं म्हणाल तर काम बघूनच ठरतो. आम्ही तात्यांना दिले ते पैसे टाकी फुल करण्याएवढेसुद्धा नव्हते, आणि डुप्लिकेट सायलेन्सर अजून आमच्या माळ्यावर पडून आहे. दाजींना मी तो परत न्या म्हणून सांगितलंय.