‘तशीही ती आतच असणार’

ताई, नमस्कार.

मी 28 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. घर कराडजवळच्या एका गावात. बाबा दीड वर्षापूर्वी गेले. किडन्या निकामी झाल्या होत्या, दोन वर्षं डायलिसिस चालू होतं. आई आठवड्यातून दोनदा त्यांना एसटीने कराडला घेऊन जायची. मी एकुलती एक. बाबा शिक्षक होते. ‘पानात टाकू नये आणि लग्नात उधळू नये’ असं कायम सांगायचे.

मार्गशीर्षात माझं लग्न आहे. मुलगा चांगला आहे, त्याच्या घरचेही समजूतदार. अडचण काकांची आहे. बाबांच्या जागी आता तेच आहेत. कन्यादानही काका-काकूच करणार, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण सगळं त्यांच्या मनाप्रमाणे चाललंय. सहाशे माणसं, बँजो, ड्रोनवाला. कार्यालयाचा ॲडव्हान्स आईने एफडी मोडून दिला, आणि काका म्हणतात, ‘दादा असता तर याहून दणक्यात केलं असतं.’ मला हे खोटं वाटतं. बाबांची मूल्यं एकीकडे आणि हा थाट एकीकडे. झोप लागत नाही.

साड्यांची खरेदीसुद्धा उरकली. काकूंना पैठणी, दोन्ही आत्यांना कांजीवरम, मामींना इरकल. आईची तेवढी राहिलीय, पण ती म्हणते माझ्याकडे आहेत, आणि तशीही ती आतच असणार, त्यामुळे घाई नाही. पत्रिकेचा मजकूर सोबत पाठवते. त्यात ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ घालावी का? काकांना न दुखावता बाबांच्या मनासारखं लग्न कसं करू?

– बाबांची मुलगी

*

बाबांच्या मुली,

सहाशे माणसांचं बघू, ड्रोनचंही बघू. आधी मला त्या राहिलेल्या साडीबद्दल बोलायचंय.

आत म्हणजे कुठे गं?

तू अजून तिथे बसली नाहीस म्हणून सांगते. मंगल कार्यालयात वधूपक्षाची एक खोली असते. भिंतीला गाद्यांचा ढीग, आरशापुढे पिना आणि गजऱ्यांचे दोरे, पंख्याखाली कुणाचं तरी झोपलेलं बाळ. त्या खोलीत एक बाई दिवसभर असते. दागिन्यांची पर्स तिच्या मांडीवर, कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेला. खण-नारळ कुठे ठेवलेत, हळदीची वाटी कुठे आहे, भटजींच्या दक्षिणेची पाकिटं कुठल्या पिशवीत आहेत, हे सगळं तिला पाठ. दर पाच मिनिटांनी कुणीतरी दारातून डोकं आत घालतं, वस्तू मागतं आणि पळतं. मंगलाष्टकं तिला स्पीकरवर ऐकू येतात. शेवटच्या कडव्याला ती मुठीत अक्षता घेऊन दारापर्यंत येते. पुढे पाठीच पाठी. ती तिथूनच हात उंच करून टाकते, आणि त्या पडतात कुठल्या तरी पाहुण्याच्या फेट्यावर. मग आहेराची पाकिटं सांभाळायला पुन्हा आत. तीनच्या सुमाराला एखादी भाची तिचं ताट झाकून आणते. जिलेबी तोवर गार झालेली असते.

अशा खोलीत ज्या बाईला बसलेलं मी आयुष्यभर बघत आलेय, ती बहुतेक वेळा घरातली एखादी विधवा असते. तुझ्या लग्नात तुझी आई असणार आहे. आणि हे तू मला साड्यांच्या यादीच्या शेवटी, ‘घाई नाही’ म्हणून कळवलंस.

आता तू म्हणशील, ताई, आमच्याकडे तसलं काही नाही. आई टिकली लावते, रंगीत साड्या नेसते, बँकेत जाते, सगळ्यांत मिसळते. असेल. हल्ली सगळीकडे असंच असतं. बांगड्या फोडायला कुणी येत नाही, कुणी काही बोलत नाही. फक्त हळद लावायला पाच जणी बोलावतात तेव्हा सहावी आपणहून स्वयंपाकघरात जाते. कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही. तिनेच तो घेतलेला असतो, आणि वर ‘तिची काही हरकत नाही’ असं प्रमाणपत्र घरच्यांना मिळतं.

तुझ्या पत्रातले पैशांचे आणि श्रमांचे उल्लेख मी काढून बघितले. डायलिसिसला कोण नेत होतं? आई. कार्यालयाचा ॲडव्हान्स कुणाच्या एफडीतून गेला? आईच्या. ‘ऋणी आहे’ हे शब्द कुणासाठी आलेत? काकांसाठी. आणि पत्रिकेचा जो मजकूर तू मला तपासायला पाठवलास, त्यात ‘कै.’ लावून बाबांचं नाव आहे, निमंत्रक म्हणून काका-काकू आहेत, आत्या-मामांची रांग आहे, अगदी ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चुलत भावंडंसुद्धा आहेत. आईचं नाव कुठेच नाही. तू माझ्याकडून आहेराची ओळ तपासून मागतेयस. ही गाळलेली ओळ तुझ्या डोळ्यांना दिसली नाही. पत्राखाली सही काय केलीस तेही वाच एकदा. आईची नाहीस का तू?

रागावून लिहितेय हे मला कळतंय. थोडं रागावणं गरजेचं आहे. बाबा गेल्याचं दुःख तुझं एकटीचं असल्यासारखं तू लिहिलंस. त्यांची मूल्यं, त्यांची वाक्यं, त्यांची आठवण. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा त्या माणसाला हाताला धरून एसटीत चढवणारी, आणि चार तास मशीन चालू असताना बाहेर बसून राहणारी बाई तुझ्या पत्रात एका वाक्यात येते आणि जाते. बाबांच्या मनासारखं लग्न करायचंय ना तुला? मग मला सांग, हयातीत बायकोला मागच्या खोलीत बसवून त्यांनी कुठलं कार्य केलं होतं?

तू काकांवर चिडली आहेस. मला काकांचं फारसं काही वाटत नाही. पुतणीच्या लग्नात मिरवणारे काका गावोगाव असतात, त्यात प्रेमही असतं आणि हौसही. ‘आई आत असेल’ हे काकांनी ठरवलं असं तुझ्या पत्रात कुठेच नाही. ते तू धरून चाललीस. यादी तू केलीस, साड्या तू घेतल्यास.

1890 साली मुंबईतल्या नाभिकांनी ठरवलं, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. कामगार चळवळीचे नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यांची सभा भरवली होती. सुधारकांचे लेख छापून येत होते, व्याख्यानं चालू होती, पण प्रत्यक्ष वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवला ही गोष्ट मला त्या सगळ्यापेक्षा मोठी वाटते. त्यांच्या पोटावर पाय येणार होता तरी ठेवला. तुझ्या घरात तो वस्तरा म्हणजे ती खरेदीची यादी आहे, आणि ती तुझ्याच मोबाइलमध्ये आहे. तुझ्या पोटावर तर कसलाही पाय येत नाही.

आणि हे सगळं शहरातल्या शिकल्या-सवरलेल्यांचं खूळ, असं गावात कुणी म्हणालंच, तर त्यांना जवळच्याच कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड दाखव. शिरोळ तालुक्यातलं गाव. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, 4 मे 2022 ला, तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आणि विधवांना कार्यांपासून लांब ठेवणं बंद. दोन आठवड्यांत राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. ठराव झाला म्हणून सगळीकडे सगळं बदललं असं मी म्हणणार नाही, परिपत्रकांनी इतकं सोपं काही बदलत नसतं. पण एका गावाने हात वर करून जे ठरवलं ते एका मुलीला आपल्याच लग्नात जमू नये?

तर आता करायचं काय. एकच गोष्ट. तुझं कन्यादान आई करेल. एकटी. बाबांच्या जागी पाटावर कुणाला ‘बसवायचं’ नाही. तांब्यातून पाण्याची धार सोडायला मामा बसेल, आनंदाने बसेल. (कन्यादान हवंच का, हा वेगळा वाद आहे आणि माझं त्यावर मत आहे, पण तुझ्याकडे ते होणारच आहे, तर ते तिच्या हातून व्हावं.) हळदीचा पहिला हात तिचा, देवक बसवताना ती, झालीच्या वेळी तुला सासरच्यांच्या हवाली करणारी ती. खोलीच्या किल्ल्या त्या दिवशी एखाद्या चुलत भावाकडे दे. मुलगे नाहीतरी फोटोत येण्यापलीकडे काही करत नाहीत.

कायद्याचा बाऊ कुणी केला तर, हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे, त्याच्या सातव्या कलमात सप्तपदीचा उल्लेख आहे, कन्यादानाचा नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही मार्च 2024 मध्ये हेच सांगितलं, की विवाह लागायला कन्यादान अत्यावश्यक नाही. तेव्हा ते अमक्यानेच केलं नाही तर लग्न लागणार नाही, ही भीती पोकळ आहे. शास्त्राचा बाऊ गुरुजींनी केला तर गुरुजी बदल. तू पुण्यात राहतेस, ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीने लग्न लावणाऱ्या स्त्री पुरोहित तुझ्या हाकेच्या अंतरावर आहेत.

आता आई. इथे तू चुकण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून नीट वाच. तिला विचारायला जाऊ नकोस. ‘आई, तुला चालेल का’ म्हटलंस की ती ‘नको गं’ म्हणणार, आणि तू ‘बघा, मी विचारलं होतं’ म्हणून मोकळी होणार. दीड वर्ष ती स्वतःला मागे घ्यायचा सराव करतेय. कुणी बाजूला हो म्हणण्याआधी आपणच झालेलं बरं, एवढं ती शिकलीय. त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं तिने हळदीकुंकवात दुसऱ्या बायकांना मागे होताना पाहिलंय, कदाचित तुझ्या आजीलाही. तिचं ‘नको’ तिथून येतं. तुझ्या लग्नाचा तिला कंटाळा आलाय म्हणून ती नको म्हणत नाहीये.

तेव्हा विनंती कर, तीही तुझ्या गरजेची. ‘आई, कन्यादानाला मला तू हवीस. तू बसणार नसशील तर तो विधीच नको, कुणीच बसायचं नाही.’ एवढंच बोल आणि गप्प बस. ती ‘लोक काय म्हणतील’ म्हणेल. ‘काकांना काय वाटेल’ म्हणेल. ‘तुझ्या संसाराला नाट लागायला नको’ हे ती सगळ्यात शेवटी म्हणेल, अगदी हळू आवाजात, आणि खरं कारण ते आहे. आपली सावली तुझ्यावर पडेल असं तिला मनापासून वाटतं. त्या क्षणी तिला सुधारणेवर व्याख्यान देऊ नकोस. जवळ जा. बाबा दोन वर्षं जास्त जगले ते तुझ्या हातामुळे, मला तोच हात हवा, असं सांग. रडेल. रडू दे, तूही रड. बाबा गेल्यापासून तुम्ही दोघी एकत्र बसून रडला असाल असं तुझ्या पत्रावरून मला वाटत नाही.

हे व्हायला हवं पत्रिका छापायला जाण्याआधी. या शनिवारी घरी जा. फोनवर हे बोलायचं नसतं. आईचं बोलणं झालं की त्याच संध्याकाळी काकांकडे जा, होणाऱ्या नवऱ्याला सोबत ने, आणि आईला नेऊ नकोस. तिच्यासमोर वाद झाला तर ती पहिल्या मिनिटात माघार घेईल. काकांना सांगायचं, विचारायचं नाही. ‘काका, निमंत्रकात पहिलं नाव आईचं, मग तुमचं आणि काकूंचं. कन्यादान आई करणार. सीमांतपूजनाला, व्याह्यांच्या मानपानाला तुम्हीच पुढे राहा, ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार?’ ही शेवटची ओळ खरी आहे आणि उपयोगाचीही. दोन दिवस फुगतील. फुगू देत. ‘काकांना न दुखावता’ हा तुझा हट्ट सोड. आजवर कुणाला न दुखावता लग्न झालेलं मी पाहिलं नाही. आणि सासरच्यांना आधी कल्पना दे. समजूतदार आहेत म्हणतेस ना, मग तुलाही आत्ताच कळेल किती आहेत ते.

साडी तिच्यासोबत जाऊन घे. तिच्या पसंतीची, तिच्या रंगाची, आणि काकूंच्या पैठणीच्या तोडीची. ‘फिकटच बघ’ असं तिने दुकानदाराला सांगितलं, तर दुकानदाराला म्हण, ‘नवरीच्या आईला दाखवताय.’

आता तुझे बाकीचे प्रश्न. आहेराची ओळ घाल, चांगली आहे. ड्रोन रद्द कर, पैसे आईचे आहेत. बँजो राहू दे, काकांना काहीतरी ठेव. सहाशेचे चारशे करता आले तर बघ, नाही झाले तरी डोक्याला हात लावून बसू नकोस. पंगतीत वाढपी हाताने वाढणारे ठेव, म्हणजे ताटात कमी टाकलं जातं. हे तुझ्या बाबांनीही मान्य केलं असतं.